सकस खा, पण आधी नीट गरीब व्हा

परवा पोराच्या शाळेत पालक मेळावा झाला. विषय होता 'कमी खर्चात सकस आहार'. पुण्याहून आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा सोलापूरच्या बायकांना ज्वारी खायला शिकवली. मंगळवेढ्याची मालदांडी जिथून हाकेच्या अंतरावर पिकते, तिथल्या बायकांना! पडद्यावर ज्वारीचे पॅनकेक होते, वर मध आणि कसलीशी काळी फळं. शेजारची म्हातारी कुजबुजली, "ते काय गं, मनुका का?"

मी सगळं वहीत टिपून घेतलंय. खाडा परवडत नाही म्हणून जे आले नाहीत, त्यांच्यासाठी ते ज्ञान इथे देते. थोडी भर माझी.

रोज सकाळी भिजवलेले बदाम खा. बदाम नसतील तर वाटी तरी घासून ठेवा.

ताटात पाच रंग हवेत. भाताचा पांढरा, आमटीचा पिवळा, शेंगाचटणीचा लाल, झाले तीन. उरलेले दोन पगाराच्या दिवशी.

वडापाव अजिबात नको. इतक्या कमी पैशांत पोट भरणं प्रकृतीला बरं नाही. त्याच पैशांत अर्धं सफरचंद खा आणि सिमेंटची पोती उचलायला जा.

किराणा महिन्याचा एकदम भरा, स्वस्त पडतो. रोजंदारीवाल्यांनी मात्र संध्याकाळी पैसे हातात आले की तेलाची पुडी, चहाची पुडी, पावशेर डाळ असंच आणावं. पुडीतलं तेल लिटरला कितीला पडलं याचा हिशोब करू नका, झोप उडते.

आता मुख्य सल्ला, रेशनचा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही फुकट. त्यासाठी फक्त गरीब असावं लागतं. पण नीट, कागदोपत्री गरीब! शहरात अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत हवं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मिळून महिन्याला 5 हजारसुद्धा कमवायचे नाहीत. त्यात घरभाडं, लाइट बिल, दवाखाना सगळं बसवायचं. तेव्हा मालकाने पगार वाढवला तर हात जोडून सांगा, साहेब नको, कार्ड जाईल. आणि पोरं 2011 च्या आधीच जन्माला घालायला हवी होती. राज्याचा 7 कोटींचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसांना धान्य द्यायचं तो आकडा, त्या साली झालेल्या जनगणनेवर बेतलाय. नंतर जन्मलेल्याचं नाव चढवायला गेलात की ऐकायचं, 'इष्टांक शिल्लक नाही.' मग कुणाचं तरी नाव कमी व्हायची वाट बघायची. हे सगळं जमलं, रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर मिळाला, ई-केवायसी झाली, तरी अंगठा राहतोच. माझ्या सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. तेंदूपानं कातरून, तंबाखू भरून अंगठ्याची कातडी पार गुळगुळीत झालीय. मशीन तो अंगठा घेत नाही. "पदराला पुसा." पुसला. "जरा ओला करा." केला. "दाबून धरा हो आजी!" सत्तरी पार केलेली बाई उन्हात रांगेत उभी राहून, आपण आपणच आहोत हे त्या डबड्याला पटवत असते. डोळे दाखवूनही काम होतं म्हणतात, आमच्या दुकानात तसलं यंत्र कुणी पाहिलं नाही. अखेर अंगठा लागला तर सर्व्हर डाऊन. उद्या या. उद्याची हजेरी कोण देणार, तो सर्व्हर? आणि एवढं करून पिशवीत काय पडतं, तर बहुतेक वेळा गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही. वर बाई विचारतात, तुमच्या जेवणात प्रोटीन इतकं कमी का?

शेवटचा सल्ला, मुलांना अंडं द्या. हा शाळेनेच दिला. मेळावा संपताना मुख्याध्यापकांनी अंड्यांसाठी वर्गणी मागितली. त्यांना बोलण्यात अर्थ नाही. 2023 च्या नोव्हेंबरात सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून भागवा. लोक म्हणजे कोण? ज्यांना परवडत नाही म्हणून ते अंडं सुरू केलं, तेच ना? आठवड्यातून एक अंडं जड झालं तुम्हाला? आणि प्रोजेक्टर, शाल, नारळ, बाईंचं मानधन यांना पैसे निघतात!

बास झाले सल्ले. काय खावं ते आम्हाला माहीत आहे. भाकरी, मटकी, हुलगा, अंबाडी, शेंगाची चटणी खाऊनच इथल्या बायकांनी शेतं राबली, माग चालवले. आज घरात ज्वारी नाही, कारण ती विकत घ्यावी लागते आणि रेशनचा गहू फुकट आहे. त्याला अडाणीपणा म्हणू नका, खिशात पैसा नाही म्हणतात त्याला. शिकवायचंच असेल तर वर मंत्रालयात जाऊन शिकवा. रेशनवर तूरडाळ द्या, तेल द्या. ती 59,000 ची रेघ पुसा, एवढ्यात तुमचं एक महिना तरी भागतं का बघा. अंगठा लागला नाही तर सही घेऊन त्याच दिवशी धान्य द्या, म्हातारीला हेलपाटे घालायला लावू नका. आणि पोरांची अंडी परत सुरू करा, सरकारी पैशाने.