झिजलेला कॅमशाफ्ट आणि ‘रिग्राइंड नकोच’ हा दावा

जुन्या गाड्यांची इंजिने नव्याने बांधणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास फिरतो: झिजलेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे, म्हणजे लोब, असलेला दांडा) रिग्राइंड केला, म्हणजे पुन्हा घासून आकारात आणला, की व्हॉल्व्हची लिफ्ट (तो किती उघडतो ते) घटते, लोबचा कठीण थर निघून जातो आणि शाफ्ट थोड्याच दिवसांत पुन्हा झिजतो, म्हणून तो टाकून नवाच बसवावा.

लिफ्ट घटते हे म्हणणे सरळ चूक आहे. ती ठरवणारी लोबची लिफ्ट म्हणजे शाफ्टच्या केंद्रापासून लोबच्या टोकाची उंची वजा बेस सर्कलची (लोबच्या गोल भागाची) त्रिज्या. टोक २२ मिलिमीटर आणि बेस १५ मिलिमीटर असेल, तर लिफ्ट ७ मिलिमीटर. झिजेमुळे टोक २१.५ वर आले आणि साफ करताना ते २१.३ झाले, तर ग्राइंडर बेस १४.३ वर आणतो आणि लिफ्ट पुन्हा ७ मिळते. टॅपेट (लोबवर टेकून त्याची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा भाग) ०.७ मिलिमीटर खाली बसते, तेवढे ॲडजस्टिंग स्क्रूने किंवा थोड्या लांब पुशरॉडने (टॅपेटवरच्या दांड्याने) भरून निघते. तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटची भरपाईची क्षमता मात्र मर्यादित असते, आणि बेस जितका लहान तितके टोक अणकुचीदार होऊन त्यावरचा दाब वाढतो, म्हणून किती घासायचे याला मर्यादा आहेच.

कठीण थराचा आक्षेप अर्धा खरा आहे. ओतताना लोबचा पृष्ठभाग झटपट थंड करून कठीण केलेल्या ओतीव लोखंडाच्या शाफ्टमध्ये तो थर काही मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे अर्धा-पाऊण मिलिमीटर घासल्याने तो संपत नाही. केस हार्डनिंग केलेल्या (फक्त पृष्ठभाग कठीण केलेल्या) पोलादी शाफ्टमध्ये तो पुष्कळ पातळ असतो. तेथे ग्राइंडिंगनंतर कठीणपणा मोजणे आणि गरज पडल्यास नायट्राइडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करणे) करून घेणे अनिवार्य समजावे.

शाफ्ट लवकर झिजतो, या अनुभवामागे बहुधा ग्राइंडिंग नसून जुनी टॅपेट असतात, आणि या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते याच मुद्द्याबद्दल. सपाट दिसणाऱ्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो, म्हणूनच टॅपेट फिरत राहते आणि झीज एका जागी साचत नाही. खोलगट झालेली टॅपेट ताज्या लोबवर ठेवली तर ती फिरत नाहीत आणि लोब खाऊन टाकतात. नवा शाफ्टही त्यांच्यापुढे टिकणार नाही. टॅपेट नवी घ्यावीत किंवा त्यांचे तळ ग्राइंड करून घ्यावेत, लोबना मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावावी, पुरेसे झिंक असलेले तेल वापरावे आणि पहिली सुमारे २० मिनिटे इंजिन आयडलवर न ठेवता २,००० आरपीएमच्या आसपास चालवावे.

तडा गेलेला, वाकलेला किंवा बेस उरलाच नाही इतका झिजलेला शाफ्ट मात्र बदलावाच लागतो.