मिशरी दंतमंजन? मग आत्या का चिडते?

आखाजीला माहेरवाशिणी जमल्या, तेव्हापासून आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर मिशरीबद्दल (भाजून कुटलेली तंबाखू, दातांना घासतात ती) एक मेसेज फिरतोय: ‘मिशरी व्यसन नाही, घरचं दंतमंजन आहे. तंबाखू भाजली की विष जळतं. दाढ ठणकायची राहते, पोट साफ होतं. आमच्या आज्या ऐंशी वर्षं जगल्या.’

भाजल्याने विष जळतं म्हणे. निकोटीन बरंचसं तसंच राहतं. उलट पानं करपताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात. आणि दंतमंजनच म्हणाल, तर तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-टूथपावडरवर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली.

दाढेचा ठणका घटकाभर बसतो, हे खरं. कीड मात्र आत चालूच राहते आणि हिरड्या दातांपासून सुटतात.

पोटाचं जरा नीट सांगतो, कारण बहुतेक बाया इथेच अडकतात. निकोटीनने आतडी हलतात, म्हणून कळ येते. रोज तेच केलं की आतडी त्या चिमटीची वाट बघायला लागतात. चोपड्याकडची माझी आत्या कापूस वेचायला गेली नि मिशरीची डबी घरी राहिली, तर दुपारपर्यंत डोकं धरून बसते, सुनेवर खेकसते. कोलगेट विसरल्यावर असं कुणाचं होतं? उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, चहाच्याही आधी, हात डबीकडे जात असेल तर ते व्यसनच.

ज्या आज्या जगल्या, त्या दिसतात; ज्या आधीच गेल्या, त्यांना मेसेज पाठवता येत नाही.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, डोकेदुखी, पोट घट्ट. दोन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. आत्याने डबीच्या कोनाड्यात ब्रश ठेवलाय, तलफ आली की बडीशेप चघळते. (सुपारी नको, तीही कर्करोगकारक आहे.) सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी नि कळण्याची भाकरी. दोनदा परत डबी उघडली, आता तिसऱ्यांदा सोडणं चालू आहे. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पहिला फोन मीच लावून दिला.

तोंडात पांढरा चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा नेहमीची शेवभाजी अचानक झोंबायला लागली असेल, तर आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. मेसेज पुढे पाठवायचा की नाही, ते नंतर बघू.