मावशीचा बांगडा आणि 'खराब रक्त'

परवा वेंगुर्ल्याला मावशीकडे गेलो, तर तिच्या ताटात नुसती डाळ. "माका नको रे बांगडो," म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. सोरायसिस या कातडीच्या रोगावरचा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. रक्त खराब झाल्याने हा रोग होतो, मासे आणि दूध हे त्याचं मूळ, तो शिवाशिवीने पसरतो, डॉक्टरांच्या गोळ्या रोग आत दाबतात म्हणून आजच बंद करा, प्रतिकारशक्तीचा काढा प्या, समुद्रात आंघोळ करा, 21 दिवसांत मुळापासून बरा!

एकवेळ मासे सोडले असते तर मी गप्प बसलो असतो. पण भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती दर रविवारी मेथोट्रेक्सेट ही डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतल्याची खूण करते, आणि चार रविवार कोरे होते. कोपरावरचे रुपयाएवढे चट्टे आता पाठभर पसरलेत. पोलक्याच्या काळ्या बाहीवर पांढरा कोंडा.

तर आधी रक्त. कातडीची पेशी तयार होऊन झडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांचे थर चढतात. ही घाई कशामुळे, याचं उत्तर डॉक्टर बरीच वर्षं कातडीतच शोधत होते. 1979 मध्ये म्युलर आणि हेरमान यांचं एक छोटंसं पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. सायक्लोस्पोरिन दिल्यावर रुग्णांचे सोरायसिसचे चट्टे झपाट्याने ओसरले होते. हे औषध बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून देतात, कारण ते प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना आवरतं. टी-पेशी आवरल्या की चट्टे जातात, म्हणजे चूक 'खराब रक्ता'त नाही, प्रतिकारशक्तीत आहे, ते उघड झालं. पुढे त्या पेशी एकमेकींना आणि कातडीला जे निरोप धाडतात, तेही सापडले: इंटरल्युकिन-23 आणि इंटरल्युकिन-17. यातल्या 17ला अडवणारं सेक्युकिनुमॅब इंजेक्शन अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालं. ज्या रोगात प्रतिकारशक्तीच नको तिथे जोर करते, त्यावर ती वाढवायचा काढा! मेसेज लिहिणाऱ्याने निदान स्वतःची वाक्यं तरी एकदा वाचायची.

आता 'आजच बंद करा'. माझा खरा राग यावर आहे. मेथोट्रेक्सेट हे साधंसुधं औषध नाही, मान्य. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि लिव्हर व रक्तपेशींची तपासणी वेळोवेळी करावी लागते. कडक स्टेरॉइड मलम महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ होते, हेही खरं. पण ही सगळी डॉक्टरकडे जाण्याची कारणं आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या अशा तडकाफडकी सोडल्या, तर अंगभर पू भरलेले फोड उठून दवाखान्यात भरती व्हायची पाळी येऊ शकते. तेव्हा हा मेसेजवाला उशाशी येऊन बसणार आहे का?

मासे. अहो, मावशीकडे दर श्रावणात महिनाभर मासे बंदच असतात. पंधरा वर्षांत एकाही श्रावणात तिचं कोपर साफ झालेलं नाही. वजन आणि दारू यांचा या रोगाशी संबंध आहे, पण त्याचं खापर बांगड्यावर कशाला?

शिवाशिवी: हा रोग संसर्गजन्य नाही, असं जागतिक आरोग्य सभेने 2014 च्या ठरावातच म्हटलंय. काका इतकी वर्षं तिच्याच पंगतीत जेवतायत, त्यांना साधी खाजसुद्धा नाही. तरी गेल्या आठवड्यात शेजारच्या हळदीकुंकवाला तिला वाण दुरूनच दिलं.

समुद्राचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीतल्या त्याच टी-पेशी शांत होतात, आणि डॉक्टर मोजून-मापून तसले किरण देतातही. पण वैशाखातल्या भर दुपारी वाळूत बसून कातडी भाजली, तर भाजल्या जागी नवे चट्टे उठू शकतात.

'21 दिवसांत मुळापासून' यावर काय बोलायचं? मुळापासून घालवणारं औषध आज कुणाकडेच नाही. रोग ताब्यात राहतो, आणि मावशीचा राहिला होता.

सोमवारी तिला डॉक्टरकडे नेलं. आधी रक्ततपासणी, मग गोळी पुन्हा सुरू. मेसेज आला कुठून, ते संध्याकाळी तिच्या मोबाइलमध्ये वर सरकवत पाहिलं. आमच्याच कुटुंबाच्या ग्रुपवर, माझ्या सख्ख्या भावाने टाकला होता, आणि त्याला खाली माझाच अंगठा होता, न वाचता दिलेला.