‘चालायला लागला, विषय संपला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गुडघेबदलानंतरच्या व्यायामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘अहो आजी, उगाच लोकांना घाबरवू नका. ऑपरेशन झालं, माणूस चालायला लागला, विषय संपला. माझे वडील फिजिओ न लावता रोज बागेत फेऱ्या मारतात. शिवाय प्रत्येकाचं वय, आजार वेगळे. सगळ्यांना एकच व्यायाम कसा सांगता?’

आधी ‘अहो आजी’बद्दल. मला नातवंडं आहेत, तुम्ही त्यांच्यातले नाही. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे उलट प्रश्नांचं मला वावडं नाही. पण ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही, तिने स्वतःच्या दुखण्यातून लिहिलेल्याला ‘उगाच’ म्हणायचं, ही बोलायची रीत नव्हे. तुमच्या वडिलांना कोणी असं बोललेलं तुम्हाला चालेल का?

एक गोष्ट मान्य. घरी येणाऱ्या फिजिओची फी सगळ्यांना झेपत नाही आणि लहान गावात तर माणूसच मिळत नाही. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, पण व्यायामाचा खर्च घरच्यांच्या हिशेबात धरलेलाच नसतो. त्यावर सविस्तर लिहीन.

आता ‘चालायला लागला, विषय संपला’. सपाट जमिनीवर चालायला गुडघा ६५-७० अंश वाकला तरी भागतं. जिन्याला ९०च्या आसपास लागतात, खुर्चीतून सहज उठायला बहुतेकांना त्याहूनही थोडे जास्त. म्हणजे बागेत छान फिरणारा माणूस घरी कमोडवरून उठताना भिंत धरत असू शकतो, आणि बागेत ते कुणाला दिसत नाही.

वाकण्याइतकंच सरळ होणंही महत्त्वाचं. गुडघा थोडासा जरी वाकलेला राहिला, तरी माणूस लंगडतो आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो. म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. त्या स्नायूची ताकद ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात निम्म्याच्या आसपास उतरते. नुसत्या फेऱ्यांनी ती पुरती भरून येत नाही. त्यासाठी पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीतून ऊठबस, पायरीची चढउतर हे करावंच लागतं. सुरुवातीचे आठवडे वाया गेले की आतली जखम भरताना सांधा आखडतो, आणि मग काहींना भूल देऊन गुडघा वाकवून घ्यायची वेळ येते. हे सांगणं म्हणजे घाबरवणं?

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे दोन्ही गुडघे बदलले. घरात सगळे मायेने ‘आराम करा’ म्हणाले, त्यांनी केला. त्याही चालतात, तुमच्या वडिलांसारख्याच. पण रिक्षात बसताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो, आणि लग्नाकार्याला जाणं त्यांनी सोडलं आहे. ते डोळ्यांसमोर होतं म्हणून माझी वेळ आली तेव्हा मी दुखण्याची गोळी घेऊन व्यायामाला बसत असे. रडत असे, पण उठत नसे. आज मी कठडा न धरता जिना उतरते. व्यायामाची सायकल चालवते, जिचं पायडल पूर्ण फिरायलाच १०५-११० अंश लागतात. धावत नाही, मांडी घालून बसत नाही, कारण सर्जननी नको सांगितलं आहे. हे सगळं भोगून लिहिलं आहे, कुठून उचलून नाही.

वय आणि आजार यांचं म्हणाल, तर ‘आपल्या सर्जनना विचारूनच’ हे लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे. टीका करण्याआधी तेवढं वाचायचं होतंत.

आज वडिलांना पलंगावर पाय पसरून बसवा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा पूर्ण सरळ होतो का बघा. मग हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगा, जवळ उभे राहून. अडलं तर सर्जनना दाखवा. आणि काय दिसलं ते इथे जरूर लिहा, ‘अहो आजी’ वगळून.