फोन आला होता का?

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले होते, तेव्हा फराळाला जमलेली आमची सगळी मंडळी एका खुनाच्या बातमीवर बोलत होती. मेलेले माणूस घरातले, संशयितही घरातलाच, आणि दूरचित्रवाणीवर त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला जात होता. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ते आयुष्यभर शाळेत शिकवलेले विचारी गृहस्थ आहेत. पण त्यांनीही निकाल देऊन टाकला. “डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही त्याच्या. त्यानंच केलंय. माणूस बघितल्यावर कळतंय की.” धाकट्या चुलतभावाने पुढे जोडले की पोलिसांनी चार तडाखे ठेवून दिले की सगळे आपोआप बाहेर येईल. ही दोन वाक्ये मी सामानाबरोबर इकडे घेऊन आले आणि आजवर ती माझ्या मनातून गेलेली नाहीत.

मी इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील चेम्सफर्ड या शहरात राहते. येथील क्राउन कोर्टात ऑक्टोबर 1986 मध्ये जेरेमी बॅम्बर या तरुणावरचा खटला चालला, आणि त्या खटल्याबद्दल येथील लोक आजही आपसात वाद घालतात. 7 ऑगस्ट 1985 च्या पहाटे व्हाइट हाउस फार्म या शेतघरात जेरेमीचे दत्तक आईवडील नेव्हिल आणि जून, त्याची दत्तक बहीण शीला आणि तिची सहा वर्षांची जुळी मुले असे पाच जण गोळ्या लागून मृतावस्थेत सापडले. पंचवीस गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. रायफल शीलाच्या अंगावर होती आणि तिच्या गळ्यावर दोन जखमा होत्या. जेरेमी तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि तीन-साडेतीन मैलांवर स्वतंत्र राहत होता. त्याने पोलिसांना सांगितले की वडिलांनी मध्यरात्री फोन करून शीला वेडीपिशी झाली आहे आणि तिच्या हाती बंदूक आहे असे कळवले, आणि तो फोन मध्येच तुटला. शीलाला स्किझोफ्रेनिया होता आणि त्याच वर्षी ती रुग्णालयात राहून आली होती, त्यामुळे पोलिसांना हे सांगणे पटले.

एकदा पटल्यावर मात्र त्यांनी पुढचे काम त्या पटण्याच्या बेताने केले. रक्ताने भरलेली अंथरुणे आणि गालिचे काही दिवसांतच जाळून टाकण्यात आले. बंदुकीच्या नळीला लावायचा, आवाज दाबणारा सायलेन्सर पोलिसांना सापडलाच नाही. तो तीन दिवसांनी नातेवाइकांना घरातल्याच कपाटात मिळाला. महिनाभराने जेरेमीच्या मैत्रिणीने आपला पहिला जबाब बदलला आणि तो खुनाचे बेत बोलून दाखवत असे असे सांगितले, तेव्हा कोठे तपास उलट्या दिशेने फिरला. शेवटी जूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांनी, दहा विरुद्ध दोन अशा बहुमताने त्याला दोषी ठरवले. तो आजही तुरुंगात आहे आणि आजही आपण निर्दोष असल्याचे सांगतो. 2002 मध्ये अपील न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले, तरीही फेरविचाराचे अर्ज थांबलेले नाहीत.

या खटल्यात न्यायाधीशांनी जूरीपुढे ठेवलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी एक मला फार मोलाचा वाटतो: तो फोन खरोखर आला होता का? संशयिताच्या सांगण्याची तपासणी अशी एखाद्या खिळ्यावर टांगावी लागते. तो रडला की नाही, अंत्ययात्रेत कसा उभा होता, नंतर किती खर्च केला, या गोष्टी येथील वर्तमानपत्रांनीही तेव्हा चघळल्याच. इकडचे लोक त्यात आपल्यापेक्षा शहाणे आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु फोन आला असेल तर नेव्हिल बॅम्बर तोवर बोलण्याच्या स्थितीत होते, आणि आला नसेल तर तो रचण्याचे कारण एकाच माणसापाशी होते. मग पुढचे प्रश्न ओळीने येतात. आणीबाणीच्या क्रमांकाऐवजी पोलिस ठाण्याचा क्रमांक शोधून तेथे फोन का केला? मैत्रिणीला फोन केला तो पोलिसांच्या आधी की नंतर? तेथे जाताना मागून आलेल्या पोलिसांच्या गाडीने त्याला गाठून मागे टाकावे इतक्या हळू तो गाडी का चालवत होता? यांपैकी प्रत्येक प्रश्नाला निर्दोष उत्तर असू शकते, आणि तरीही प्रत्येक प्रश्न विचारलाच पाहिजे.

फोनच्या या मुद्द्यावर मी अडखळते, त्याला माझे स्वतःचे कारण आहे. माझे वडील मिरजेत वारले, त्या रात्री भावाचा फोन आला. रात्रीचे तीन वाजले होते, असे मी पुढे कित्येक वर्षे सर्वांना सांगत आले. त्या वेळची थंडी, अंधार, शेजारच्या घरातला विझलेला दिवा हे सगळे त्या तीनला चिकटून बसले होते. एकदा जुने कागद आवरताना भावाच्या फोनचे त्या महिन्याचे बिल हाती लागले, तेव्हा कळले की फोन आला तेव्हा येथे रात्रीचे 11.40 झाले होते. मिरजेत तेव्हा पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. फोन ठेवल्यावर मी काय केले, तर ओट्यावरचे दोन कप विसळले, पालथे घातले, आणि मग नवऱ्याला उठवले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी पोहोचले तेव्हाही मला रडू आले नाही, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून माझ्या शेजारी अण्णाच बसले होते. त्या रात्रीचा माझा जबाब एखाद्या तपास अधिकाऱ्याने घेतला असता, तर त्यात वेळ चुकीची, वागणे विचित्र आणि डोळे कोरडे अशी तीनही लक्षणे सापडली असती, आणि तरी मी एक शब्द खोटा बोलत नव्हते. म्हणून माणसाचे सांगणे आणि वस्तूची नोंद शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मला आता कोणत्याच हकिगतीवर मत देववत नाही.

येथे मतदार यादीत नाव असलेल्या आणि पाच वर्षे राहिलेल्या माणसाला जूरीचे बोलावणे येऊ शकते, मग तो भारताचा नागरिक असला तरी. मलाही एकदा आले. खोलीत काय चर्चा झाली ते सांगणे हा येथे गुन्हा आहे, म्हणून त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. पण उघड न्यायालयात न्यायाधीशांनी आम्हा बारा जणांना जे समजावले, ते सांगता येईल. त्यांनी सांगितले की आरोपी खोटे बोलला असे तुम्हाला वाटले, तरी माणसे लाजेपायी, घाबरून, दुसऱ्याला वाचवण्यासाठीही खोटे बोलतात. तेव्हा अशी कारणे नाहीत याची खात्री पटल्याशिवाय त्या खोट्याला गुन्ह्याचा आधार मानू नका, आणि केवळ खोट्यावर कोणाला दोषी ठरवू नका. ते ऐकताना मला वाटले की हे सारे येथेच शिकायला मिळते आहे. घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा कळले की हीच गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका खटल्यात 1984 मध्ये ठासून सांगितली आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात विवाहितेच्या मृत्यूबद्दल पतीला खालच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले, परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली, ज्यांना निकालात ‘पंचशील’ म्हटले आहे, आणि आरोपीचे खोटे स्पष्टीकरण हे पुराव्याच्या तुटलेल्या साखळीतली कडी होऊ शकत नाही, साखळी आधीच पूर्ण असेल तरच ती आणखी एक कडी ठरते, असे बजावले. अण्णांच्या घरापासून पुणे पाच तासांवर आहे. आपल्या मातीतला हा निकाल फराळाच्या ताटापर्यंत का पोहोचत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

याचा अर्थ घरात राहणाऱ्याने काही न सांगता मोकळे सुटावे असा नाही, आणि येथे अण्णांच्या रागात तथ्य आहे. चार भिंतींच्या आत खून होतो, तेव्हा बाहेरचा साक्षीदार मिळत नाही. म्हणूनच 2006 मध्ये त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा वेळी घरातल्या माणसांवर पटणारा खुलासा देण्याची जबाबदारी येते, आणि त्यांचे मौन किंवा खोटा खुलासा त्यांच्याविरुद्ध जाऊ शकतो. त्या प्रकरणात सून सर्पदंशाने गेली असे सांगितले गेले होते आणि वैद्यकीय पुरावा गळा दाबल्याचा निघाला. सर्पदंश की गळा, हा तपासता येण्याजोगा प्रश्न आहे. तो शवविच्छेदनाच्या टेबलावर सुटतो, चेहऱ्यावर सुटत नाही. जी गोष्ट खास एखाद्यालाच माहीत असते ती त्यानेच सिद्ध करावी असे सांगणारे पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 106, जे आता भारतीय साक्ष अधिनियमात 109 झाले आहे, तेही सरकार पक्षाचे ओझे उतरवून आरोपीच्या डोक्यावर ठेवत नाही. सरकार पक्षाने आपले सिद्ध केल्यावर मगच ते घरातल्या माणसाकडे वळते. इकडे 1994 च्या कायद्यामुळे संशयिताच्या मौनावरून जूरीला प्रतिकूल अर्थ काढता येतो, म्हणजे या बाबतीत आपल्या राज्यघटनेचे कलम 20(3), जे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही, आरोपीला अधिक जपते. तरीही केवळ मौनावर दोषी ठरवण्यास येथील कायद्यानेही मनाई केली आहे.

आता म्हैसाळचे बोलायला हवे, कारण आमच्या भागातल्या माणसाला हा विषय म्हैसाळशिवाय पुरा होत नाही. 20 जून 2022 रोजी मिरज तालुक्यातल्या त्या गावी एकाच कुटुंबातले नऊ जण दोन घरांत मृतावस्थेत सापडले. चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांत सावकारांची नावे होती, आणि कर्जापायी सामूहिक आत्महत्या असे मानून सावकारांची धरपकड झाली. आठवडाभरातच पोलिसांनी सांगितले की ही आत्महत्या नव्हे. गुप्तधनाच्या आमिषाने पैसे घेतलेल्या मांत्रिकाने विष देऊन हे घडवले असा त्यांचा आरोप आहे, आणि त्याला व त्याच्या साथीदाराला अटक झाली. त्या आठवड्यात मी रोज घरी फोन करत होते. पहिल्या दिवशी घरातला प्रत्येक जण सावकारीबद्दल पोटतिडकीने बोलत होता आणि चिठ्ठ्यांवर कोणाचीच शंका नव्हती. आठव्या दिवशी तीच माणसे तितक्याच पोटतिडकीने सांगत होती की दोन घरांत एकाच वेळी नऊ जण असे मरतात का, हे आम्हाला पहिल्यापासून खटकत होते. त्यांना मी दोष देत नाही, मीही त्यांच्याबरोबर वाहत गेले होते. मात्र म्हैसाळच्या पोलिसांनी पहिल्या हकिगतीवर तपास बंद केला नाही, ही गोष्ट मी एसेक्समध्ये बसून अभिमानाने सांगते, कारण एसेक्सच्या पोलिसांनी महिनाभर तपासाची दिशा बदलली नव्हती.

राहिले ते चार तडाखे. चुलतभाऊ ते सहज बोलून गेला, पण ज्या शहराच्या शेजारी तो राहतो, त्या सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका तरुणाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला, त्याचे प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याचा आरोप झाला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्या दिवसांत सांगली बंद होती, आमच्या घरातले लोकही हळहळले होते. मारून काढलेली हकिगत मारणाऱ्याला जी ऐकायची असते तीच असते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही हे इंग्रजांनी 1872 मध्येच कायद्यात लिहिले, आणि नव्या अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आपण ते कायम ठेवले, ते उगाच नव्हे. येथे संशयिताची चौकशी ध्वनिमुद्रित होते, त्याची प्रत त्याच्या वकिलाला मिळते, आणि पहिल्या दिवशी तो काय म्हणाला व पाचव्या दिवशी काय म्हणाला हे पुढेही ऐकता येते. संशयिताच्या सांगण्यातली विसंगती दाखवायची, तर त्याचे सांगणे जसेच्या तसे हाती असावे लागते. 1 जुलै 2024 पासून आपल्याकडेही झडती आणि जप्तीचे चित्रीकरण, तसेच सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे, या गोष्टी कायद्यात आल्या आहेत. आमच्या घरच्या चर्चेत मला हा प्रश्न ऐकायचा आहे: चित्रीकरण झाले का, तज्ज्ञ केव्हा पोहोचला, त्याआधी त्या खोलीत किती माणसे फिरून गेली?

गेल्या रविवारी अण्णांना फोनवर बॅम्बरची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग बाई, तुझं मत काय? त्यानं केलं का?” मी म्हणाले, “अण्णा, मला त्या सायलेन्सरचं उत्तर मिळत नाही. तो लावला तर बंदूक इतकी लांब होते की शीलाचा हात घोड्यापर्यंत पोहोचत नाही, असं न्यायालयात सांगितलं गेलं. त्यात तिच्या गटाचं रक्त सापडलं. आणि स्वतःला गोळी मारून घेतलेली बाई तो काढून खालच्या कपाटात ठेवून येत नाही. म्हणून मी त्या दहा जणांच्या बाजूची आहे. पण तो सायलेन्सर ज्या नातेवाइकांना सापडला, त्यांना वारसाहक्कात वाटा मिळणार होता, असं त्याचे वकील म्हणतात. जूरीतले ते दोघं जण का थांबले असतील, तेही मला कळतं. घरातलं बाकी रक्त कुठं कुठं पडलं होतं ते आज असतं, तर कदाचित वादच उरला नसता.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग ते गालिचे जाळले कशाला?”