पिशवीबरोबर काय काय गेलं?

गेल्या पावसाळ्यात आईचा मणका दबला. पडली नाही, घसरली नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या घरी मोरीतली अर्धी बादली उचलली आणि मटकन खाली बसली. एक्स-रे झाला, हाडांची घनता मोजून झाली. रिपोर्ट बघता बघता हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पाळी कधी गेली तुमची?"

"जातेय कुठली, पिशवीच काढली. ३९व्या वर्षी."

"अंडाशयं ठेवली होती का?"

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. ३२ वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आमच्या डोक्यातही कधी आला नव्हता. पिशवी काढली म्हणजे काढली. त्यात आणखी काय विचारायचं?

घरी येऊन माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवला. जुनी रेशनकार्डं, माझं दहावीचं प्रवेशपत्र, आणि तळाशी घडीवर फाटत आलेलं १९९३ चं डिस्चार्ज कार्ड. निळ्या शाईत एक ओळ: टी.ए.एच. अधिक बी.एस.ओ. म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं आणि दोन्ही बाजूंच्या नलिका आणि अंडाशयंही काढली. त्याला टाचलेल्या तपासणीच्या कागदावर होतं: गर्भाशयात फायब्रॉइडच्या साध्या गाठी, दोन्ही अंडाशयं नॉर्मल.

नॉर्मल. आणि तरी गेली.

माझं भांडण आधी या 'पिशवी' शब्दाशीच आहे. आपल्याकडे सगळं पिशवीत कोंबलेलं असतं. पिशवीला सूज, पिशवीला गाठ, पिशवी खाली आली, पिशवी खराब झाली. आणि खराब पिशवीचं काय करतात? टाकून देतात! गर्भाशय आणि अंडाशय हे दोन वेगळे अवयव आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत, हे मला बीएस्सी होऊनही धड माहीत नव्हतं. दहावीला बाईंनी तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडला होता. वाचला सगळ्यांनी, कळला कुणालाच नाही.

तर गर्भाशय म्हणजे मुठीएवढा, जाड स्नायूंचा अवयव. लांबी जेमतेम साडेसात सेंटिमीटर. त्याच्या दोन्ही अंगांना बदामाएवढी अंडाशयं. हार्मोनचा कारखाना ही अंडाशयं. मेंदूच्या बुडाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन सोडते, त्या हुकमावर अंडाशयात बीज पिकतं, इस्ट्रोजेन तयार होतं. बीज बाहेर पडलं की मागे उरलेल्या पिवळ्या गोळीतून प्रोजेस्टेरॉन. गर्भाशयाचं अस्तर या दोघांच्या तालावर वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडतं. तीच पाळी. गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं जागेवर असली तर हार्मोन चालू राहतात. कधी कधी ती थोडी लवकर थकतात, एवढंच. दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र एरवी काही वर्षांत हळूहळू उतरणारं इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत तळाला जातं. हे इस्ट्रोजेन हाडं सांभाळतं, हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळतं. म्हणून इतक्या लवकर अंडाशयं काढावी लागली, तर इतर काही अडचण नसल्यास नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत बाहेरून हार्मोन देतात. आईला कॅल्शियमची गोळीसुद्धा मिळाली नव्हती.

५४व्या वर्षी तलावपाळीच्या कठड्याजवळ जरा तोल गेला आणि तिचं मनगट मोडलं, ते आता आठवतं. हे सगळं त्या एका ऑपरेशनमुळेच झालं असं छातीठोक कुणी सांगणार नाही. तेव्हाच्या डॉक्टरांना खलनायकही करायचं नाही मला. "पोट उघडलंच आहे तर अंडाशयंही काढू, पुढे कॅन्सरची धास्ती नको" असाच तेव्हा सर्रास विचार होता. पण आईला सांगायचं तरी!

मी तेव्हा १४ वर्षांची होते. त्या हिवाळ्यात आई रात्री उठून फ्रिजचं दार उघडून उभी राहायची. अंधारात तो पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावर, गळ्यावरून घामाच्या धारा. दिवसा कशावरूनही भडकायची, मग न्हाणीघरात जाऊन रडायची. बाबा म्हणायचे, "हिच्या अंगात येतं हल्ली." आम्ही भावंडं हसायचो.

आता माझं सांगते. ४६ची आहे. दोन वर्षांपूर्वी पाळी अशी सुरू झाली की ठाणे-सीएसएमटी प्रवासात काळ्या सलवारीशिवाय दुसरं काही घालायची हिंमत होईना. तासातासाला पॅड, वर रक्ताच्या गाठी. हिमोग्लोबिन ८.१. सोनोग्राफीत साडेतीन सेंटिमीटरचा फायब्रॉइड. पहिल्या दवाखान्यात सात मिनिटांत निकाल: "दोन मुलं झालीत ना? मग ठेवून काय करायचंय? पुढच्या आठवड्यात ऑपरेशन थिएटर रिकामं आहे." नणंद म्हणाली, काढून टाक, कटकट जाते. मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. ट्रेनमध्ये डाग पडण्याच्या भीतीने माणूस कशालाही हो म्हणतं.

मग दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड तपासला, कारण तो मंदावला तरी अंगावरून जास्त जातं. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, कारण या वयात कॅन्सर नाही याची खात्री हवीच. कागदावर चित्र काढून दाखवलं की गाठ अस्तराच्या बाजूला आत घुसलेली आहे, की भिंतीत आहे, की बाहेरच्या अंगाला, यावर सगळं ठरतं. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या गर्भाशयात लहानमोठी गाठ असते, अनेकींना पत्ताही नसतो, आणि पाळी गेल्यावर त्या सहसा आक्रसतात. माझी भिंतीत होती, निरुपद्रवी. थायरॉइडची गोळी सुरू झाली, लोह, आणि हार्मोन सोडणारी तांबीसारखी एक वस्तू आत बसवली. पहिले चार महिने थेंब थेंब जात राहिलं, वैताग आला, त्यांना दोनदा फोन करून भांडले. आता हिमोग्लोबिन १२ आहे आणि गेल्या महिन्यात मोतिया रंगाची साडी नेसून ऑफिसला गेले.

गर्भाशय कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. माझ्या मावशीला पाळी गेल्यावर सहा वर्षांनी डाग दिसला, अस्तराचा कॅन्सर निघाला, सगळं काढलं आणि ती आज ठणठणीत आहे. पाळी गेल्यानंतरचा एक थेंबही अंगावर काढू नका. माझं म्हणणं एवढंच की का काढताय, काय काय काढताय आणि दुसरं काय करता येईल, हे टेबलावर झोपण्याआधी विचारा. आणि नंतर कागद घ्या.

जाता जाता एक. सासऱ्यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा रक्तातला पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) किती, ग्रंथी किती ग्रॅमची, हे आमच्या अख्ख्या मजल्याला तोंडपाठ होतं. लिफ्टमध्ये चर्चा! तोही जननसंस्थेचाच अवयव बरं का.

आमच्याकडे पोळ्यांना येणारी बीडची आहे, कोपरीत राहते. आधी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. तिथे जोडप्याचा मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा मिळून एकच मजूर धरतात, आणि पाळीत एक दिवस बसलं तरी खाडा लागून पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत एकट्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. आमच्या पोळीवालीची पिशवी २६व्या वर्षी काढली. आज ती ३८ची आहे आणि पोळपाटावर वाकताना कंबर धरते.

आईचं कार्ड मिळाल्यावर मी तिला म्हटलं, तुझाही ऑपरेशनचा कागद घेऊन ये, बघू या काय काय काढलंय.

तिने तव्यावरची पोळी उलटली. "कागद कुठं देतेत ताई आमाला? पैशे मुकादमानं भरले होते. कागद बी त्याच्याकडंच असंल."