‘दोन पट्ट्या ठोका, डबे सरकवा’ : या कृतीत काय चुकतं

प्लास्टिकचे झाकणाचे डबे ठेवायला घरच्या घरी लाकडी मांडणी करण्याची एक कृती सध्या खूप फिरते आहे. डब्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर फळ्या उभ्या करा, दोन्ही बाजूंना पट्ट्या खिळ्यांनी ठोका, डब्याचा वरचा काठ पट्ट्यांवर टेकवून सरकवा. मागे काही लागत नाही, पावसाळ्यासाठी जागा थोडी सैल ठेवा, भार हवा तेवढा चालतो, भिंतीला टेकवलं की झालं, असं त्यात सांगतात. कल्पना चांगली आहे, ड्रॉवरच्या सरकत्या चॅनेलचा खर्च खरंच वाचतो. पण जशीच्या तशी केली तर भरलेला डबा पायावर येईल.

‘डब्याच्या रुंदीएवढं अंतर.’ कुठली रुंदी? डबा खाली निमुळता असतो, म्हणून तळाचं माप कामाचं नाही. मापं दोन घ्यायची: काठाची बाहेरून बाहेर, आणि काठाच्या लगेच खाली डब्याच्या अंगाची. समजा काठ ३९० मिमी आणि अंग ३५२ मिमी भरलं. मग समोरासमोरच्या पट्ट्यांमध्ये ३५८ मिमी मोकळं ठेवा आणि उभ्या फळ्यांमध्ये ३९६. दोहोंतला फरक ३८, म्हणजे पट्टी १९ मिमी जाडीची. काठ दोन्हीकडे १६ मिमी टेकतो आणि डबा पूर्ण एका बाजूला सरकला तरी दुसरीकडे १३ मिमी उरतो.

डबा विकत घेतानाच काठाखाली बोट फिरवून बघा. आतून उभ्या शिरा असतील तर त्या पट्टीच्या टोकाला अडकतात, म्हणून पट्टीचं पुढचं टोक रंध्याने उतरतं करा. झाकणाच्या क्लिपा लांब बाजूंना असतील तर तो डबा या कामाचा नाही, क्लिपा पट्टीवर आपटतात.

‘पावसाळ्यात लाकूड फुगतं, सैल ठेवा.’ सगळ्यात जास्त मांडण्या या सल्ल्याने बिघडतात. वरच्या उदाहरणातल्याच डब्याला एकूण ६ ऐवजी १५ मिमी मोकळीक दिली, तर डबा एका बाजूला गेल्यावर दुसरीकडे जेमतेम ४ मिमी काठ टेकलेला राहतो. फळी तेवढी बाहेर झुकली की डबा खाली. मुळात १९ मिमीची पट्टी दमट हवेत फुगून फुगून अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. डबा अडकतो तो पट्टी पिळवटल्यामुळे, आणि पिळवटते ती ओली पट्टी. वखारीत पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीत बघा, वाकडी असेल तर परत ठेवा. उभ्या फळ्यांना १८ मिमी प्लाय घ्या, कोकणात शक्यतो आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय. पार्टिकल बोर्ड नको, त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही.

‘खिळे पुरतात.’ डबा रोज पुढे-मागे होतो आणि प्रत्येक ओढीबरोबर खिळा थोडा थोडा सुटतो. ८ नंबरचा ३२ मिमी स्क्रू, आधी ३ मिमी भोक, सांध्याला फेविकॉल. ५०० मिमी पट्टीला चार स्क्रू लावा. स्क्रूचं डोकं पट्टीत बुडलंच पाहिजे, नाहीतर डब्याच्या अंगावर चरे पडतात. मधल्या फळीला दोन्हीकडून पट्ट्या येतात, तिथे स्क्रू समोरासमोर न मारता २० मिमी मागेपुढे मारा.

दोन्ही फळ्या शेजारी आडव्या ठेवून गुण्याने पट्ट्यांच्या जागेच्या रेघा एकदमच मारा. प्रत्येक रेघ वेगळी मोजली की डबा एका बाजूला कललाच.

‘मागे काही लागत नाही.’ लागतं. भरलेल्या डब्याचं अंग फुगतं आणि फळ्यांना बाहेर ढकलतं. मागे ६ मिमी प्लाय, दर १५० मिमीवर स्क्रू. तो लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, २-३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. पुढच्या बाजूला वर आणि खाली आडवी पट्टी द्याच. डबे चारच्या वर असतील तर मध्येही एक द्या, कारण फळीचा फुगवटा मधोमध येतो.

‘भार हवा तेवढा.’ पट्टी तुटत नाही, काठ दुमडतो. ४० लिटरच्या डब्यात कपडे भरले तर साधारण ८-१० किलो होतात, तांदूळ भरला तर ३० किलोच्या पुढे. कपडे, खेळणी, सणाचं सामान काठावर टांगून ठेवा. धान्य आणि पुस्तकांचे डबे सगळ्यात खाली, अखंड फळीवर. शंका असेल तर भरलेला डबा दोन स्टुलांच्या कडांवर काठाने टांगून रात्रभर ठेवा, सकाळी काठ झुकलेला दिसला तर तो डबा या मांडणीत नको.

पट्ट्यांवर तेल लावू नका, धूळ धरून चिकट होतं. मेणबत्ती घासा. ऑइल पेंट तर नकोच, ताज्या रंगावर भरलेला डबा चिकटून बसतो.

आणि ‘भिंतीला टेकवलं की झालं’ हेही खरं नाही. वरचे दोन भरलेले डबे एकदम पुढे ओढले की अख्खी मांडणी पुढे येते. वरच्या बाजूला दोन एल क्लॅम्प, भिंतीत ८ मिमीची प्लास्टिकची गिट्टी आणि ५० मिमी स्क्रू. प्लास्टर पोकळ वाजत असेल तर जागा बदला.